फिलाडेल्फियाचं बेट्सी रॉस हाऊस बघण्यासारखं आहे का? आई-बाबा सोबत आहेत, वेळ कमी आहे

आहे की, जरूर जा. पण "बेट्सी रॉस ह्या बाईनं अमेरिकेचा पहिला झेंडा इथे शिवला" एवढ्याच साठी जाणार असाल तर जरा बेतानं. ती गोष्ट तिच्या नातवाने, विल्यम कॅन्बीने, १८७० साली भाषणात सांगितली, म्हणजे घटना १७७६ ची आणि हा सांगतोय नव्वदेक वर्षांनी, तेही घरात ऐकलेलं, त्या काळातला एकही कागद नाही. नेमकी ह्याच घरात राहायची की शेजारच्या, ह्यावरही वाद आहे. मात्र मे १७७७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या नौदल बोर्डाने एलिझाबेथ रॉसला, म्हणजे बेट्सीलाच, जहाजांच्या झेंड्यांचे १४ पाउंड १२ शिलिंग २ पेन्स दिले ही नोंद पक्की आहे, आणि मला विचाराल तर हीच जास्त भारी आहे, बाई काम करून पैसे घेत होती!

तिचा मूळ धंदा अपहोल्स्ट्रीचा, गाद्या, पडदे, खुर्च्यांची कव्हरं वगैरे. क्वेकर ह्या ख्रिश्चन पंथाच्या घरातली, १७७३ मध्ये दुसऱ्या पंथाच्या जॉन रॉसशी पळून जाऊन लग्न केलं म्हणून समाजाने वाळीत टाकली, तो १७७६ च्या जानेवारीत वारला, दुसरा नवरा खलाशी, तो इंग्लंडच्या तुरुंगात वारला आणि ती बातमी आणणारा त्याच तुरुंगातला सोबती क्लेपूल, त्याच्याशी तिसरं लग्न. आणि हे सगळं निस्तरत पुढे कित्येक वर्षं झेंडे शिवणं चालूच.

खालच्या दुकानात जुन्या वेशातली एक बाई बेट्सी होऊन काम करत बसलेली असते, तिच्याशी बोला. झेंड्याचं सगळेच विचारतात, तुम्ही धंद्याचं विचारा, कापड कुठून आणता, गिऱ्हाईक पैसे वेळेवर देतं का, असं. ती भूमिका न सोडता उत्तर देते, धमाल येते. चांदणीची करामतही बघा, कागदाला ठरावीक घड्या, कात्रीचा एकच काप, उलगडलं की पाच टोकांची चांदणी. म्हणे जॉर्ज वॉशिंग्टनच्या झेंड्याच्या चित्रात सहा टोकांची होती आणि हिने पाचच सोपी पडते म्हणून करून दाखवली. खरं-खोटं देव जाणे, पण कारागिराचा मुद्दा बरोबर आहे.

आता आई-बाबांचं. घर १७४० च्या आसपासचं, जिने अरुंद आणि वळणाचे, खोल्या बुटक्या. गुडघे दुखत असतील तर वर-खाली करायचा आग्रह नको, त्यांना अंगणात बसवा, तिची कबरही तिथेच आहे (तिचे मानलेले अवशेष १९७० च्या दशकात दुसऱ्या दफनभूमीतून आणले). आतमध्ये फार वेळ लागत नाही, लहानसंच आहे.

तिथून चालत एल्फ्रेथ्स ॲली ही जुन्या घरांची गल्ली गाठा. तिथल्या म्युझियमच्या घरात अठराव्या शतकात झगे शिवणाऱ्या बायका राहायच्या. त्यांच्या नावावर कुठलाच झेंडा नाही म्हणून तिथे गर्दीही कमी असते.