मुलाखत एडिट करताना प्रत्येक कटवर आवाज तुटल्यासारखा का वाटतो?

बहुतेक वेळा यात दोन वेगळे दोष असतात. एक म्हणजे 'टक्' असा बारीक आवाज. आवाजाची लाट मधेच कापली गेली की तो येतो. प्रत्येक जोडावर एक-दोन फ्रेमचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असतानाच दुसरा चढत जातो) टाका, विषय संपला.

दुसरा जास्त त्रासदायक. माणूस बोलायचा थांबला तरी खोली गप्प नसते. पंखा, एसी, लांबची रहदारी चालूच असते. तुम्ही 'अं...' कापून तिथे कोरी जागा सोडली की ती गुणगुण अचानक गायब होते आणि कान लगेच दचकतो. म्हणून शूटिंगच्या वेळीच सगळ्यांना गप्प बसवून ३० सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज घ्या, त्याच माइकवर, त्याच जागी. (लोक वैतागतात, वैतागू द्या.) घ्यायचा राहिला असेल तर प्रश्न आणि उत्तर यांच्या मधले शांत तुकडे शोधून जोडा. मात्र त्यात श्वास नको, नाहीतर तोच श्वास पुन्हा पुन्हा ऐकू येतो. रिकाम्या खोलीच्या आवाजाचा हा थर बोलण्याखाली वेगळ्या ट्रॅकवर सलग पसरवा.

नॉइज रिडक्शन (मागचा गोंगाट कमी करणारा इफेक्ट) आधी लावू नका. जास्त झालं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. साधारण ८० हर्ट्झखालचे खर्जातले आवाज हाय-पास फिल्टरने कापले तरी बरीच घरघर जाते.

संगीत सगळ्यात शेवटी. आणि एकदा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकाच. हेडफोनवर स्पष्ट वाटणारे शब्द तिथे हमखास संगीताखाली दबतात.