ट्रंकेतले कागद कोणाचे? घराण्याचे दप्तर जमविणाऱ्या एका वाचकास उत्तर

प्रश्न : मी अंबाजोगाई तालुक्यातील निवृत्त शिक्षक असून गेली आठ वर्षे आमच्या घराण्याचे जुने कागद, पत्रे आणि फोटो जमवीत आहे. सहा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, म्हणजे आमचे काका, यांनी मोडी आणि उर्दू कागदांनी भरलेली एक लोखंडी ट्रंक माझ्याकडे आणून दिली. देताना ते एवढेच म्हणाले, "हे तुझ्याकडेच असू दे, तूच हे वाचशील." लिखापढी काही झाली नाही. गेल्या वर्षी काका वारले. आता त्यांचा मुलगा म्हणतो की ट्रंक केवळ सांभाळायला दिली होती. तिच्यात इनामाचा मुंतखब (निजाम सरकारने इनामाबद्दल दिलेला कागद) आणि कुणबी नोंदीचे कागद आहेत, ते परत करा. सहा वर्षे उलटल्यामुळे त्याची मुदत संपली, असे मला वाटते. १९६२ साली माझे आजोबा आणि काकांचे वडील या सख्ख्या भावांत घर व जमीन यांची वाटणी झाली. वाटणीपत्रात या कागदांचा उल्लेख नाही. याशिवाय एका भंगारवाल्याकडून मी चार हजार रुपयांना जुन्या कागदांचा गठ्ठा घेतला, त्यातील काही पानांवर तहसीलचे शिक्के आहेत. लातूरची आत्या तिच्याकडील पत्रे व फोटो देण्यास तयार आहे, मात्र तिच्या हयातीत ते कोणाला दाखवू नयेत, अशी तिची अट आहे. अमेरिकेतील पुतण्या ट्रंकेतली चित्रांची पोथी सोबत नेतो म्हणतो. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य आपण ओझरते लिहिले आहे. १९६२ च्या वाटणीपत्रात या कागदांचा उल्लेख नाही, हेच ते वाक्य. आपले सारे म्हणणे काकांनी ट्रंक "दिली" या शब्दावर उभे आहे, आणि तो आधार कच्चा आहे.

जंगम वस्तूच्या दानासाठी नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतेच असे नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे वस्तू प्रत्यक्ष हाती सोपविली तरी दान पूर्ण होते, आणि कलम १२२ प्रमाणे ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारलेले असले पाहिजे. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे घडल्या आहेत. तथापि नुसता ताबा देणे म्हणजे दान नव्हे. सांभाळायला ठेव म्हणून दिलेली वस्तूसुद्धा अशीच हाती सोपविली जाते. "असू दे" या दोन शब्दांतून मालकी सोडण्याचा हेतू निघतो की विश्वासाने ठेवण्याचा, यावर दोन वकील दोन दिवस भांडू शकतील. काकांनी त्या सुमारास कोणाला पत्र किंवा फोनवर संदेश पाठविला असेल, ट्रंक गाडीत चढविताना कोणी हजर असेल, तर ते आज लिहून घ्या. परंतु त्यावर सारा डाव लावू नका. दुसरे असे की मुदत संपली हा आपला समज बरोबर नाही. ठेव म्हणून दिलेली जंगम वस्तू परत मिळविण्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असली तरी मुदत कायद्याच्या अनुच्छेद ७० प्रमाणे ती वस्तू दिल्या दिवसापासून मोजली जात नाही, मागणी केल्यानंतर नकार मिळाला त्या दिवसापासून मोजली जाते. मागणी आत्ता झाली आहे.

मग काका ज्याचे दान करीत होते, ते त्यांच्या एकट्याचे होते काय? आपल्या सांगण्यावरून ट्रंकेतील बहुतेक कागद पणजोबांच्या काळचे आहेत. घर वाटले गेले, शेत वाटले गेले, दप्तर मात्र थोरल्या घरी राहिले, कारण दप्तर थोरल्या घरी राहण्याची रीतच होती. जे वाटले गेले नाही ते सामाईक राहिले. म्हणजे काका त्या कागदांचे सांभाळकर्ते होते, एकटे मालक नव्हते. त्यांना ते सगळेच्या सगळे दान करता आले नसते, आणि त्याच न्यायाने त्यांच्या मुलालाही ते सगळे परत मागता येत नाहीत. आपण त्या कागदांचे दान घेणारे नसून सहहिस्सेदार आहात, आणि एका सहहिस्सेदाराचा ताबा हा, उलट काही सिद्ध होईपर्यंत, सर्वांच्या वतीने असलेला ताबा मानला जातो. माझे स्पष्ट मत असे की आपण दानाचा आग्रह सोडावा आणि सामाईक मालकीवर उभे राहावे. यात आपण काही गमावीत नाही, आणि काकांच्या मुलाला, म्हणजे आपल्या चुलतभावाला, चोर न ठरविता, स्वतःही चोर न ठरता, दप्तर एकत्र राहते. काकांचे स्वतःचे खासगी कागद, म्हणजे त्यांची पत्रे, दाखले, पासबुके, ट्रंकेत असतील तर ती मात्र वेगळी काढून त्यांच्या वारसांना पोच घेऊन देऊन टाका.

मुंतखबाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण मराठवाड्यात असा एक कागद कधी कधी शेकडो एकरांच्या वादाचा पाया असतो. निजाम सरकारच्या इनाम चौकशीनंतर दिलेला हा कागद, १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यानंतरही, इनाम कोणत्या प्रकारचे होते आणि कोणाच्या नावे होते, हे दाखविण्यासाठी आजही न्यायालयांत आणि महसूल अधिकाऱ्यांपुढे दाखल होतो. अशा जुन्या कागदावर सही करणारा किंवा ती सही ओळखणारा कोणी हयात नसतो. म्हणून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ९२ ने (जुन्या कायद्यात हेच कलम ९० होते) अशी सवलत दिली आहे की तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून न्यायालयापुढे आला, तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. त्यातील मजकूर खरा आहे, असे मात्र त्यावरून आपोआप ठरत नाही. "योग्य ताबा" म्हणजे तो कागद स्वाभाविकपणे जेथे आणि ज्याच्याकडे असावा, तेथे असणे; किंवा तो अन्यत्र गेला असल्यास कसा गेला, याचा प्रामाणिक आणि पटण्याजोगा खुलासा असणे. घराण्याचा संग्रह करणाऱ्यांच्या हातून नेमके येथेच नुकसान होते. कागद ट्रंकेतून कपाटात, कपाटातून फाइलमध्ये आणि फाइलमधून पुण्यातल्या मुलाकडे जातो, आणि दहा वर्षांनी उलटतपासणीत "हा तुमच्याकडे आला कसा?" या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

म्हणून एक जाड बांधणीचे रजिस्टर घ्या आणि त्यात प्रत्येक कागदाची नोंद करा : कोणाकडून आला, कोणत्या दिवशी, कोणाच्या समक्ष, दान म्हणून, सामाईक म्हणून की खरेदीने, आणि किती किमतीला. कोणत्या रुमालात बांधलेला होता, हेही लिहा आणि तो रुमाल टाकून देऊ नका. कागदावरील तारीख जशी असेल तशीच उतरवा. फसली (निजामकाळातील महसुली) सन असेल तर फसलीच लिहा आणि शेजारी इसवी सन वेगळे लिहा. (फसली सनात साधारण ५९० मिळविले की इसवी सन येते, १३५८ फसली म्हणजे १९४८-४९.) अनुक्रमांक पेन्सिलने लिफाफ्यावर घाला, मूळ कागदावर बॉलपेनचा एक ठिपकाही नको. लॅमिनेशन तर कदापि नको. एका अशिलाने मोठ्या मायेने लॅमिनेट करून आणलेला उर्दू कागद मी हातात घेतला आहे. उठावाचा शिक्का उष्णतेने सपाट होऊन गेला होता, आणि कागदाची मागील बाजू, जिच्यावर दाखल केल्याचा शेरा होता, ती प्लास्टिकखाली पिवळी पडून वाचता येईनाशी झाली होती. स्कॅन अवश्य करा, परंतु स्कॅन मूळ कागदाची जागा घेत नाही; न्यायालयात संगणकीय प्रत द्यायची झाल्यास भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते.

कुणबी नोंदींची चुलतभावाची निकड खरी आहे आणि तिचा आदर करा. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्र देण्यासाठी २०२३ पासून निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध घेऊ लागली आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला गेला, तेव्हापासून मराठवाड्यातील घरोघरच्या ट्रंका उघडू लागल्या आहेत. वंशावळ जुळविण्यासाठी आपल्याकडील कागद त्याच्या मुलांना लागणार असतील तर छायाप्रती लगेच द्या आणि जात पडताळणीच्या दिवशी मूळ कागद घेऊन स्वतः बरोबर जा. मूळ कागद हातोहात वाटू नका. एकदा चार घरांत गेलेला कागद पुन्हा एका ठिकाणी येत नाही. नाव किंवा जात स्पष्ट दिसावी म्हणून फिकट अक्षर गिरविण्याचा मोह कोणाला झाला तर त्याला तेथेच थांबवा. तो बनावटगिरीचा गुन्हा होऊ शकतो आणि त्याने खरा कागदही संशयास्पद ठरतो.

भंगारवाल्याकडील गठ्ठ्याची मला अधिक काळजी वाटते. विकणाऱ्याला जी मालकी नाही ती घेणाऱ्याला मिळत नाही, हे माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ चे मूळ तत्त्व आहे. चार हजार रुपये मोजल्याने सरकारी दप्तरातला कागद आपला होत नाही. प्रथम शिक्क्यांची पाने दोन भागांत विभागा. सरकारने त्या काळी खासगी माणसाला दिलेली नक्कल असेल, तर तिच्यावर खऱ्या नकलेचा शेरा ("नकल मुताबिक असल" असा), नकलेच्या अर्जाची तारीख आणि बहुधा फीचे तिकीट दिसेल. अशी नक्कल खासगी मालकीची असू शकते. ज्यावर प्रकरणाचा क्रमांक, सलग पृष्ठांक आणि अधिकाऱ्याच्या मूळ सह्या आहेत, ते पान दप्तरातून बाहेर पडलेले सार्वजनिक अभिलेख असण्याचा संभव मोठा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अशा अभिलेखांच्या रक्षणासाठीच आहे. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेण्याबरोबर तो बाळगणे हाही गुन्हा आहे. खरेदीच्या दिवशी आपण निःशंक होता; आता शंका आली आहे, म्हणून गप्प राहणे आपल्या हिताचे नाही. त्या पानांची यादी करून तहसीलदारांना लेखी कळवा, प्रत छत्रपती संभाजीनगर येथील पुराभिलेख कार्यालयाला द्या, खरेदीचा दिवस आणि रक्कम खरी लिहा, आणि पाने परत करताना पोच घ्या. आपल्या घराण्याचा उल्लेख असलेल्या पानाची रीतसर नक्कल नंतर मागता येईल, आणि पुराव्यात ती आपल्या गठ्ठ्यातील मूळ पानापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

आत्याबाईंची अट रास्त आहे आणि ती पाळता येईल. दानाचा छोटा लेख करून त्यात वस्तूंची यादी आणि ही अट स्पष्ट लिहा. मात्र "मला वाटेल तेव्हा परत घेईन" असे त्यात येऊ देऊ नका, कारण केवळ देणाऱ्याच्या मर्जीवर रद्द होणारे दान मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणे त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरते. पत्राचा कागद आपला झाला तरी मजकुराचा कॉपीराइट पत्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा असतो. हयातीत प्रकाशित न झालेल्या पत्रावरील हा हक्क प्रथम प्रकाशनानंतर ६० वर्षांपर्यंत चालतो. त्यामुळे आत्याबाईंनी स्वतः लिहिलेल्या पत्रांचा हक्क त्या देऊ शकतील, त्यांना आलेल्या पत्रांचा नाही. हक्क लेखी द्यावा लागतो, आणि लेखात मुदत व प्रदेश लिहिला नाही तर तो पाच वर्षांपुरता आणि भारतापुरताच दिला असे कायदा मानतो. तेव्हा दोन्ही शब्द लेखात घाला.

पोथी परदेशी जाणार नाही. ७५ वर्षांहून जुने, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित हा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे पुरावशेष ठरतो, खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर नेता येत नाही, आणि नेल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. पुतण्याला उत्तम छायाचित्रे काढून द्या. पोथी पुरावशेषाच्या वयाची आणि सचित्र असल्यामुळे ती पुरावशेष नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदवूनही घ्या.

संस्था किंवा न्यास इतक्यात नको. अभ्यासकांना दप्तर खुले करायचे ठरल्यावर सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय कार्यालयात करता येईल. मालकीचा वाद मिटण्यापूर्वी न्यास केला तर तो वाद न्यासाच्या गळ्यात पडेल.

चुलतभावाला या आठवड्यातच पत्र पाठवा. त्यात नकाराचा शब्द नको. मजकूर साधारण असा असावा : "पणजोबांच्या काळापासूनचे, सोबतच्या यादीतील कागद आपल्या दोन्ही घरांचे सामाईक आहेत आणि माझ्याकडे ते सर्वांच्या वतीने आहेत. कोणत्याही हिस्सेदाराला ते केव्हाही पाहता येतील व त्यांची छायाप्रत घेता येईल. न्यायालयात किंवा जात पडताळणीसाठी मूळ कागद लागल्यास तो पोच देऊन नेता येईल आणि काम संपताच परत ठेवला जाईल. सर्वांच्या लेखी संमतीशिवाय कोणताही कागद विकला किंवा दुसऱ्याला दिला जाणार नाही." यादी दोघांनी एकत्र बसून, ट्रंक समोर ठेवून करावी आणि प्रत्येक पानावर दोघांनी सही करावी. काकू हयात असतील तर त्यांची, आणि काकांच्या मुली असतील तर त्यांचीही सही घ्या. मुलाइतक्याच त्या वारस आहेत, आणि त्यांना वगळून केलेला करार त्यांच्यावर बंधनकारक राहणार नाही.