वाचकांचे प्रश्न : पांढरीवरच्या खापरांना क्रमांक कसा द्यावा?

प्रश्न : आमच्या शिवारातल्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवर, पावसाळ्यात खापरं उघडी पडतात. शाळेत ती जमा होतात, पण कुठली कुठे सापडली ते कळेनासं झालंय. कॅनडात जुन्या जागांना क्रमांक देण्याची पद्धत आहे म्हणे. ती आपल्याला चालेल का?
– एक शिक्षक, कळंब, जि. धाराशिव

उत्तर : जरूर चालेल. ही पद्धत चार्ल्स बोर्डेन (१९०५–१९७८) यांनी १९५२ मध्ये मांडली. व्हँकुव्हरच्या विद्यापीठात ते जर्मन शिकवायचे, पुरातत्त्वाकडे नंतर वळले. तरी कॅनडात आजही त्यांचेच क्रमांक चालतात.

दक्षिण कॅनडाचे त्यांनी अक्षांशात २ आणि रेखांशात ४ अंशांचे चौकोन पाडले. त्यांना इंग्रजी मोठी अक्षरं. प्रत्येकाच्या आत १० मिनिटांचे छोटे चौकोन, त्यांना छोटी अक्षरं. व्हँकुव्हरच्या मार्पोल या जागेचा क्रमांक मोठा डी, छोटा एच, मोठा आर, छोटा एस आणि पुढे १, म्हणजे त्या चौकोनात नोंदलेली पहिली जागा. तिथल्या वस्तूचा क्रमांक त्यापुढे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन.

यात गावाचं नाव कुठेच नाही, आणि खरी ताकद तीच. आपल्याकडे पिंपळगाव, वडगाव किती! जायकवाडीत बुडालेली गावं तर त्याच नावानं दुसरीकडे वसली.

अक्षरांची भानगड तुम्हाला नको. अंश-मिनिटं, मग जागेचा क्रमांक, मग खापराचा, एवढं पुरे. घोटाळा होतो तो मोबाइलमुळे, तो अंश दशांशात दाखवतो. १८.५२ म्हणजे १८ अंश ५२ मिनिटं नव्हे. ०.५२ ला ६० ने गुणा, ३१.२ मिनिटं येतात. हे चुकलं तर तुमची पांढर कागदावर सुमारे ३८ किलोमीटर उत्तरेला जाते.

खापर साध्या पाण्यात मऊ ब्रशनं धुवा, सावलीत वाळवा. आत काजळी किंवा अन्नाचा थर चिकटला असेल तर धुऊच नका, तपासणीला तोच कामाचा. क्रमांक आतल्या बाजूला, कोपऱ्यात, बारीक अक्षरात. तुटलेल्या कडेवर लिहू नका, तुकडे जुळवताना तीच कड लागते. थेट खापरावर लिहिलं तर शाई आत मुरते, म्हणून आधी पॅरालॉइडचा (संग्रहालयांत वापरतात त्या ॲक्रिलिक राळेचा) पातळ पारदर्शक थर द्या, वाळल्यावर काळी शाई, वर पुन्हा एक थर. नेलपॉलिश टाळा, ते पिवळं पडून सुटतं. पिशवीत चिठ्ठी पेन्सिलनं लिहिलेली असावी. बॉलपेनची शाई ओलीनं पसरते.

खणू मात्र नका, आणि संरक्षित जागेवरचं काही उचलू नका. नाणी किंवा दागिने दिसले तर लगेच तहसीलला कळवा. खापरं ओळखायला तेरचं लामतुरे संग्रहालय तुम्हाला जवळ आहे. जाताना नोंदवही बरोबर न्या.