घटनास्थळी पहिल्यांदा जातोयस, तर एवढं ऐक

ठाण्याच्या पावसात पुराव्याचा खरा शत्रू म्हणजे ओल. रक्ताने भिजलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत कधीच बांधू नकोस. आत ओल कोंडते, बुरशी धरते, डीएनए खराब होतो. नवा असताना कळव्यातल्या एका घरातला टॉवेल मी असाच बांधला. दोन दिवसांनी उघडला तर कुबट वास नि करडे ठिपके. आजही वाईट वाटतं. सावलीत वाळव, मग कागदी पाकिटात घाल.

बाकी सुरुवातीला दोनच गोष्टी:

- हात लावण्याआधी फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून.
- प्रत्येक वस्तूला नवे हातमोजे.

सील, सही, वेळ तिथल्या तिथे. कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेपर्यंत पाकीट कुणाकुणाच्या हातून गेलं, हे कोर्टात विचारतातच. ल्युमिनॉल (पुसलेलं रक्तही अंधारात चमकवून दाखवणारं रसायन) वगैरे नंतर शिकवेन. तुला जमेल.