वाचकांचे प्रश्न : ती नायिका रेखाटली कुणी?

प्रश्न : आम्ही पाच जणी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात जनसंज्ञापनाच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. वर्षअखेरच्या प्रकल्पासाठी ‘कॉमिक्समधील स्त्रिया’ या विषयावर पंधरा मिनिटांचा माहितीपट करावा, असे आमच्या मनात आहे. वंडर वुमनपासून झाशीच्या राणीपर्यंत सगळ्या नायिका घ्यायचे आम्ही ठरवले होते. पण विषय आवाक्याबाहेरचा आहे आणि शिवाय परदेशी आहे, असे सरांचे म्हणणे पडले. आमच्याकडे एक कॅमेरा, एक कॉलर माइक आणि चार महिने आहेत. विषय बदलावा का? नाही, तर सुरुवात कुठून करावी?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : विषय बदलू नका, निम्मा करा. तुमच्या यादीत नायिका भरपूर आहेत; त्यांना रेखाटणारी, लिहिणारी, रंगवणारी एकही बाई त्यात नाही. नायिकांची ओळीने ओळख करून देणारा माहितीपट पाचव्या मिनिटाला रेंगाळू लागतो, कारण त्याला काही विचारायचेच नसते. उलट ‘ही रेखाटली कुणी, आणि तिचे नाव छापले गेले का?’ एवढा एकच प्रश्न हाती धरलात, तर प्रत्येक चित्र उत्तर मागू लागेल.

या प्रश्नाची धार कळावी म्हणून काही उदाहरणे देतो. अमेरिकेत १९४० साली ‘ब्रेंडा स्टार’ ही धाडसी महिला बातमीदाराची चित्रमालिका सुरू झाली. ती काढणाऱ्या डेलिया मेसिक यांनी ‘डेल’ हे नाव घेतले होते, कारण बाईचे नाव पाहून संपादक चित्रे नाकारत असल्याचा अनुभव त्यांना आला होता. पुढच्याच वर्षी ‘मिस फ्युरी’ ही मुखवट्यातली नायिका निर्माण करणाऱ्या जून मिल्स यांनीही पहिले नाव मागे ठेवून ‘टार्पे मिल्स’ अशी सही केली. तुम्ही जिच्यापासून सुरुवात करणार होतात, त्या वंडर वुमनच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिक बोचणारी आहे. १९४१ मध्ये ती विल्यम मार्स्टन यांनी निर्माण केली, हे सर्वत्र छापलेले सापडते. पण १९४४ पासून जॉय हमेल या तरुणीने तिच्या सत्तरहून अधिक कथा लिहिल्या आणि त्या ‘चार्ल्स मोल्टन’ या पुरुषी टोपणनावाखाली प्रसिद्ध झाल्या. स्त्रियांच्या सामर्थ्याचे प्रतीक म्हणून जगभर मिरवलेल्या नायिकेची लेखिका कित्येक दशके अनामिक राहिली! हे जुन्या काळापुरतेच होते, असेही समजू नका. फ्रान्समधील आंगुलेम येथील चित्रकथा महोत्सवाने २०१६ साली सर्वोच्च सन्मानासाठी तीस नावांची यादी जाहीर केली, तीत एकही स्त्री नव्हती. अनेक चित्रकारांनी आपली नावे मागे घेतल्यावरच आयोजकांना माघार घ्यावी लागली.

आता सरांच्या दुसऱ्या आक्षेपाकडे येतो. विषय परदेशी आहे, असे मला मुळीच वाटत नाही. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स मराठीतूनही येत असे, आणि वेताळ (फँटम) या नायकाच्या डायनाला भेटायला वाट पाहणाऱ्या मुली घरोघरी होत्या. त्याच मालिकेत १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आला आणि त्याच्याबरोबर बेला आली, जी दरोडेखोरांशी स्वतः दोन हात करत असे. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’चे अंक आपण वाचले, पण त्यांतल्या अनेक संहिता लिहिणाऱ्या आणि संपादनाचा मोठा भार उचलणाऱ्या कमला चंद्रकांत यांचे नाव किती जणांना आठवते? मुंबईच्या वृत्तपत्रात १९८० च्या दशकात मंजुला पद्मनाभन यांची ‘सुकी’ येऊ लागली; ती कुणाची आई, बायको किंवा देवी नव्हती, आपल्याच डोक्याने चालणारी एक साधी बाई होती. २००८ मध्ये अमृता पाटील यांची ‘कारी’ ही चित्रकादंबरी आली. आणि २०११ चे ‘भीमायन’ तुम्ही सर्वांनी आधी वाचावे, असा माझा आग्रह आहे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकार दांपत्याने बाबासाहेबांचे चरित्र चौकटींत न कोंबता गोंड चित्रशैलीत पानभर पसरवले आहे. महाडच्या पाण्याचा प्रसंग त्यात पाहा. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या माणगावच्या १९२० च्या परिषदेची आठवण जपणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे पुस्तक परके कसे ठरेल?

तरीही या सगळ्यांना पंधरा मिनिटांत बसवू नका. पडद्यावर दोन किंवा तीनच स्त्रिया येऊ द्या. त्यांतली एक कोल्हापुरातली असलीच पाहिजे. कला महाविद्यालयांत शिकणाऱ्या, पाठ्यपुस्तकांसाठी वा दिवाळी अंकांसाठी चित्रे काढणाऱ्या, मोबाइलवर चित्रकथा प्रसिद्ध करणाऱ्या मुली या गावात आहेत. पहिला महिना कॅमेरा कपाटात ठेवून त्यांना भेटण्यात घालवा. चित्रकार न मिळाल्यास लहानपणी कॉमिक्स वाचलेल्या बाईंकडे जा, कारण वाचणारीचे म्हणणेही कुणी नोंदवलेले नाही. बाबूराव पेंटर यांनी ज्या गावात चित्रीकरणाआधी पोशाखांची आणि प्रसंगांची रेखाटने करून चित्रपट उभे केले, त्या गावात रेखाटनावर माहितीपट करणे मला फार योग्य वाटते. तुमचेही प्रत्येक दृश्य आधी कागदावर चौकटीत काढा.

चित्रीकरणाबद्दल एकच गोष्ट सविस्तर सांगतो. चित्रकार बाईंना खुर्चीत बसवून नुसते बोलते करू नका. टेबलावर वरून सरळ खाली पाहणारा कॅमेरा बांधा, दोन दिवे दोन बाजूंनी तिरके लावा म्हणजे शाईवर चकाकी येणार नाही, आणि त्यांना एक चेहरा पहिल्या पेन्सिलरेषेपासून शेवटच्या शाईपर्यंत काढू द्या. भुवईची रेघ जरा वर गेली की चेहऱ्यावरची भीती जाऊन राग येतो, तो क्षण प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसला पाहिजे. टाकाचा कागदावरचा खरखर आवाज वेगळा घ्या. माझ्या पहिल्या माहितीपटात मी चाळीस मिनिटांची मुलाखत घेतली आणि हात मात्र टिपलाच नाही. पुन्हा गेलो तेव्हा त्या बाई आजारी होत्या. ती चूक आजही मला सलते.

छापील पानांबाबत : समीक्षा वा परीक्षणासाठी कलाकृतीच्या आवश्यक तेवढ्या भागाचा रास्त वापर करण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुभा आहे, पण चित्रावर बोलणे हवे, ते नुसते सजावटीला वापरता येणार नाही. माहितीपट महोत्सवात किंवा इंटरनेटवर जाणार असेल, तर प्रकाशकाची लेखी परवानगी मागा. मुलाखत देणाऱ्या प्रत्येकीचे संमतीपत्र चित्रीकरणापूर्वी घ्या आणि नामावलीत तिचे नाव तिने सांगितले तसेच लिहा.

प्रश्न : माझ्याकडे शाळकरी वयापासून जपलेले इंद्रजाल आणि चांदोबाचे अंक आहेत. ओळखीच्या विद्यार्थिनींना त्यांचे चित्रीकरण करायचे आहे. पाने पिवळी पडली आहेत. अंक द्यावेत का?
— एक निवृत्त शिक्षिका, नागाळा पार्क, कोल्हापूर

उत्तर : अंक जरूर दाखवा, पण घराबाहेर देऊ नका; मुलींनाच घरी बोलवा. तो कागद स्वस्त असल्याने कडेला ठिसूळ झालेला असतो. अंक पूर्ण उघडून सपाट दाबू नये. दोन्ही बाजूंना उशा किंवा जाड पुस्तके ठेवून अर्धवट उघडा ठेवावा. हात कोरडे हवेत आणि तापणारे दिवे नकोत. पिना गंजल्या असतील तर त्या उपटू नका, आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर कधीच लावू नका, कारण तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन चित्रात उतरतो. आणखी एक विनंती आहे. समासात तुम्ही लहानपणी पेन्सिलीने काही लिहिले असेल, एखाद्या नायिकेला मिशा किंवा कुंकू काढले असेल, तर ते खोडू नका. त्या मुलींना ते पान सर्वांत आधी दाखवा.