वाचकांचे प्रश्न : अकरावी-बारावीचे प्रगत पर्यावरणशास्त्र

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. नात यंदा तिथल्या अकरावीत जाणार असून तिने ‘एपी’ पर्यावरणशास्त्र हा विषय घेतला आहे. त्याआधी सुट्टीत ती महिनाभर आमच्याकडे राहायला येते आहे. मी कृषी खात्यातून निवृत्त झालो आहे. या विषयात नेमके काय शिकवतात, आणि मला तिची काही तयारी करून घेता येईल का?
— एक आजोबा, परभणी

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण ज्याने आयुष्यभर माती, पाणी आणि पीक जवळून पाहिले आहे, त्याच्याइतका योग्य शिक्षक या विषयाला सहसा मिळत नाही. आधी विषयाची ओळख करून देतो.

‘एपी’ हे ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या नावाचे लघुरूप आहे. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा एखादा विषय शाळेतच शिकता यावा, यासाठी अमेरिकेतील कॉलेज बोर्ड ही संस्था असे अभ्यासक्रम आखते आणि दर वर्षी मे महिन्यात त्यांच्या परीक्षा घेते. पर्यावरणशास्त्राची पहिली परीक्षा १९९८ साली झाली. निकाल १ ते ५ अशा अंकांत लागतो आणि चांगला अंक मिळाल्यास पुष्कळ विद्यापीठे त्याचे क्रेडिट, म्हणजे तो विषय महाविद्यालयात शिकल्याचे श्रेय, देतात, मात्र कोणत्या अंकाला काय द्यायचे हे प्रत्येक विद्यापीठ आपापले ठरवते. हा विषय घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने दोन वर्षे प्रयोगांसह विज्ञान आणि किमान एक वर्ष बीजगणित शिकलेले असावे, अशी अपेक्षा असते.

अभ्यासक्रमाचे नऊ घटक आहेत. परिसंस्था, जैवविविधता, लोकसंख्या आणि सजीवांची संख्यावाढ, पृथ्वीवरील प्रणाली व संसाधने, जमीन आणि पाण्याचा वापर, ऊर्जा, हवेचे प्रदूषण, पाणी व जमिनीचे प्रदूषण आणि शेवटी जागतिक बदल, असा त्यांचा क्रम आहे. बहुपर्यायी प्रश्नांत सर्वाधिक, म्हणजे १५ ते २० टक्के, भार शेवटच्या घटकाला आहे आणि त्यात हवामानबदल, ओझोनचा थर, समुद्राचे आम्लीकरण, परक्या प्रजातींचे आक्रमण हे भाग येतात. नेमका हाच घटक वर्षाच्या अखेरीस घाईघाईने उरकला जाण्याची शक्यता असते, म्हणून नातीला तो आधीच एकदा वाचून ठेवायला सांगावे.

परीक्षा २ तास ४० मिनिटांची असते. पहिल्या ९० मिनिटांत ८० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांना ६० टक्के भार असतो. उरलेल्या ७० मिनिटांत तीन दीर्घोत्तरी प्रश्न असतात. त्यांपैकी एकात प्रयोगाची आखणी करावी लागते, दुसऱ्यात एखाद्या पर्यावरणीय समस्येचे विश्लेषण करून उपाय सुचवावा लागतो आणि तिसऱ्यात हेच काम आकडेमोडीसह करावे लागते. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत.

माझ्या मते या विषयाचा खरा कस दीर्घोत्तरी प्रश्नांत लागतो. ‘झाडे लावावीत’, ‘जनजागृती करावी’, ‘सरकारने कडक कायदे करावेत’ अशी वाक्ये आपल्याकडच्या उत्तरपत्रिकांत सर्रास चालून जातात, पण येथे अशा मोघम वाक्यांवर भिस्त ठेवून भागत नाही. उपाय नेमका असावा लागतो, तो कोणत्या प्रक्रियेतून परिणाम घडवतो हे सांगावे लागते आणि त्याचा एखादा तोटाही दाखवावा लागू शकतो. आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. शेततळे हा पाणीटंचाईवरचा उपाय म्हणून सुचवला, तर ते उत्तर अर्धेच झाले. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवून ते पिकाला ताण पडेल तेव्हा द्यायचे, ही शेततळ्यामागची मूळ कल्पना आहे. मात्र तळाला प्लास्टिकचे कापड अंथरून तेच तळे बोअरच्या पाण्याने भरले, तर जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी आपण उन्हात आणून ठेवतो, त्यातले बरेचसे बाष्पीभवनाने उडून जाते आणि शेजाऱ्याची विहीर आटते. एकच उपाय कोणत्या अटीवर लाभाचा आणि कोणत्या अटीवर हानीचा ठरतो, हे ज्या विद्यार्थ्याला मांडता येते, त्याला हा विषय समजला आहे असे मी मानतो. अमेरिकन शास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडलेली सामायिक संसाधनांच्या शोकांतिकेची कल्पना, म्हणजे सर्वांच्या मालकीची वस्तू जो तो आपल्या लाभासाठी ओरबाडतो आणि शेवटी ती सर्वांसाठीच संपते, या अभ्यासक्रमात आवर्जून शिकवली जाते. ‘ज्याचा बोअर खोल, त्याचे पाणी’ हे आपल्या गावागावांतले वास्तव नातीला समजावून सांगितले, तर ती कल्पना तिला वेगळी पाठ करावी लागणार नाही.

आता महिनाभरात काय करावे, ते सांगतो. तिला शेतात नेऊन गुडघाभर खड्डा खणू द्यावा आणि मातीचे थर स्वतःच्या हाताने पाहू द्यावेत. त्यातली मूठभर माती काचेच्या उभ्या बरणीत घालून, पाणी आणि चिमूटभर धुण्याची पावडर टाकून, बरणी चांगली हलवून ठेवावी. वाळू एक-दोन मिनिटांत खाली बसते, बारीक गाळ काही तासांत बसतो आणि चिकणमातीला एक दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. थरांची जाडी मोजून त्यांची टक्केवारी काढावी आणि या तीन टक्केवारींवरून मातीचा प्रकार सांगणाऱ्या, मातीच्या पोताच्या त्रिकोणी आलेखात आपली माती कोठे बसते ते तिला शोधू द्यावे, कारण हा त्रिकोण अभ्यासक्रमात आहे आणि केवळ पुस्तकातून तो पुष्कळांना उमगत नाही. आपल्या काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते, म्हणून ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या एका निरीक्षणातून पाणी धरून ठेवण्याची क्षमता, निचरा आणि धूप हे तिन्ही मुद्दे स्पष्ट होतात. वाफसा, म्हणजे मशागतीला किंवा पेरणीला योग्य असा जमिनीचा ओलावा, म्हणजे काय, हे तर आपल्याइतके चांगले तिला कोणी सांगू शकणार नाही.

त्यानंतर एखाद्या जुन्या विहिरीवर घेऊन जावे. वर माती, त्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण हा क्रम विहिरीच्या भिंतीवर सरळ दिसतो. बेसॉल्ट खडकात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरातच साठते, म्हणून वाळूच्या जाड थरांच्या प्रदेशाइतका भूजलसाठा आपल्याकडे नाही, हे तिथे उभे राहून सांगता येते. शक्य झाल्यास कालव्याच्या लाभक्षेत्रातली एखादी चिबड (पाणी साचून राहणारी) किंवा क्षारपड (क्षार साठलेली) जमीनही दाखवावी. पाणी मिळूनही जमीन नापीक का होते, हा प्रश्न अमेरिकेच्या अभ्यासक्रमात सिंचनाच्या पद्धतींबरोबर येतो आणि आपण तो तिला बांधावर उभे राहून दाखवू शकता. परभणीतच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे आपल्या जुन्या ओळखींतून एखादी मृदा प्रयोगशाळा तिला पाहता आली, तर अधिकच चांगले.

अमेरिकेतील कायदे मात्र तिला स्वतंत्रपणे अभ्यासावे लागतील. १९७० चा स्वच्छ हवा कायदा, १९७२ चा स्वच्छ पाणी कायदा आणि १९७३ चा संकटग्रस्त प्रजाती कायदा कोणत्या समस्येसाठी आले, एवढे तरी तिला सांगता आले पाहिजे.

प्रश्न : वडिलांच्या बदलीमुळे आम्ही लवकरच परदेशी जात आहोत आणि तिथल्या शाळेत मला हाच विषय घ्यायचा आहे. माझे गणित कच्चे आहे. यातले गणित मला झेपेल का?
— दहावीची एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : हो, झेपेल, पण सराव करावा लागेल. परीक्षेत कॅल्क्युलेटर वापरता येतो, त्यामुळे गुणाकार-भागाकाराची भीती बाळगण्याचे कारण नाही. टक्केवारीतील वाढ किंवा घट, फार मोठ्या संख्या दहाच्या घातांकात लिहिणे, एका एककातून दुसऱ्या एककात जाणे आणि लोकसंख्या दुप्पट होण्यास लागणारा काळ, एवढेच प्रकार पुन्हा पुन्हा येतात. शेवटच्या प्रकारासाठी ७० या संख्येला वाढीच्या दराने भागतात, म्हणजे दर १.४ टक्के असेल तर ५० वर्षांत लोकसंख्या दुप्पट होते. खरी अडचण कोणती संख्या कशाने गुणायची आणि का, हे ठरवण्यात असते, आणि ते तुला तुझ्याच शहराच्या उदाहरणावरून शिकता येईल.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तू घरच्यांकडून ऐकले असशील. त्या ‘जलदूत’ गाडीच्या पहिल्या फेरीत सुमारे ५०,००० लिटरच्या १० वाघिणी (टाकीचे डबे), म्हणजे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली, म्हणजे एका फेरीला २५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३.८३ लाख होती. आता २५ लाख लिटरला ३.८३ लाख माणसांनी भागले, तर माणशी साधारण साडेसहा लिटर पाणी येते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी धरलेले प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे, म्हणजे संपूर्ण गाडीभर पाणी त्या प्रमाणाच्या १२ टक्क्यांच्या आसपास भरते. एवढ्याशा आकडेमोडीतून मोठी गोष्ट कळते : गाडीने शहर तगले, पण गाडी हा शहराच्या पाण्याचा कायमचा उपाय होऊ शकत नव्हता. परीक्षेत आकडा काढून झाल्यावर त्याचा अर्थ विचारला जातो, तो याच पद्धतीने.

दुसरे एक गणित स्वतः सोडवून पाहा. घराचे छत १०० चौरस मीटरचे आहे, वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला आणि त्यातले ८० टक्के पाणी हाती लागते असे मानले, तर किती लिटर साठेल? उत्तर ५६,००० लिटर यायला हवे. मिलिमीटरचे मीटर आणि घनमीटरचे लिटर करताना चूक होत असेल, तर प्रत्येक पायरीवर संख्येशेजारी एकक लिहून नको असलेली एकके खोडत जाण्याची सवय लाव. परीक्षेत आकडेमोड मांडून दाखवावी लागते, नुसत्या उत्तरावर काम भागत नाही. मी अनेक हुशार मुलांचे गुण केवळ या एका आळसापायी गेलेले पाहिले आहेत आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटले आहे.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषय शिकवते. विषय सक्तीचा आणि श्रेणीचा असल्यामुळे मुले प्रकल्पवह्या एकमेकांच्या उतरवून काढतात. परदेशातील अभ्यासक्रमातून, फारशी उपकरणे नसताना, आम्हाला काय घेता येईल?
— एक शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : बाई, आपली खंत मला पूर्णपणे पटते. पर्यावरण हा विषय शिकवला गेला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणविषयक खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सांगितले आणि २००३ साली त्या आदेशाच्या अंमलबजावणीचा पुन्हा आग्रह धरला. इतक्या गांभीर्याने आलेला विषय वह्या उतरवण्यात संपावा, ही दुःखाची गोष्ट आहे. एपी अभ्यासक्रमात अध्यापनाचा किमान एक चतुर्थांश वेळ प्रत्यक्ष प्रयोग आणि क्षेत्रभेटींना द्यावा, अशी अपेक्षा आहे, आणि आपण तिथून हीच एक गोष्ट घ्यावी असे मला वाटते.

एक प्रयोग सविस्तर सांगतो. ज्वारीचे ३०० दाणे, १५ ताटल्या, जुनी वर्तमानपत्रे आणि मीठ एवढेच साहित्य लागते. एक लिटर पाण्यात २, ४, ६ आणि ८ ग्रॅम मीठ विरघळवून चार द्रावणे करावीत आणि पाचवे साधे पाणी ठेवावे. प्रत्येक पाण्यासाठी तीन ताटल्या घ्याव्यात, प्रत्येकीत ओल्या कागदावर २० दाणे ठेवावेत आणि आठवडाभर रोज उगवलेले दाणे मोजावेत. प्रयोगाच्या आधी प्रत्येक मुलाकडून त्याचा अंदाज कारणासह लिहून घ्यावा. आपण काय बदलले, काय मोजले, काय मुद्दाम सारखे ठेवले, साध्या पाण्याची ताटली कशासाठी आणि एकाऐवजी तीन ताटल्या कशासाठी, हे पाच प्रश्न त्यांना विचारावेत. प्रयोगाच्या आखणीवरचा परीक्षेतला प्रश्न याच धाटणीचा असतो. ज्यांच्या घरची जमीन क्षारपड झाली आहे, ती मुले या ताटल्यांकडे फार वेगळ्या नजरेने पाहतात.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा आहे. दोन्ही तोंडे उघडी केलेला पत्र्याचा डबा जमिनीत पाच सेंटिमीटर ठोकावा, त्यात मोजून पाणी ओतावे आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते नोंदवावे. गवत असलेला बांध, नांगरलेले रान आणि रहदारीची पायवाट या तिन्ही जागी हे केल्यास पाणी मुरणे आणि वाहून जाणे यांतला फरक मुलांच्या डोळ्यांपुढे येतो. प्रत्येक गटाला वेगळी जागा दिली, तर एकाच्या वहीतली आकडेवारी दुसऱ्याला उतरवता येणार नाही, आणि तीन जागांची तुलना करायची तर सगळ्यांना एकत्र बसावेच लागेल.

प्रश्न : मी नीटची तयारी करतो आहे. एपी पर्यावरणशास्त्राची पुस्तके वाचल्याचा जीवशास्त्राला उपयोग होईल का?
— बारावीचा एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : परिसंस्था, सजीवांच्या संख्येची वाढ आणि जैवविविधता एवढे भाग दोन्हीकडे आहेत, त्यामुळे ते समजायला काही मदत होईल. मात्र ऊर्जा, शेती, खाणकाम आणि अमेरिकेतील कायदे यांचा मोठा भाग तुझ्या परीक्षेत येत नाही आणि नीटचे प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकाला धरून असतात. परीक्षा तोंडावर असताना तेच पुस्तक नीट वाचावे. आवड असेल, तर ही पुस्तके परीक्षा संपल्यावर निवांत हाती घ्यावीत.