दगडातला फेल्स्पार (खडकांत सर्रास आढळणारं खनिज) प्लॅजिओक्लेज प्रकारचा आहे की ऑर्थोक्लेज, हे नुसत्या भिंगाने कसं ओळखायचं?

पाटनाच्या, म्हणजे खनिज ठरावीक दिशेने फुटून तयार होणाऱ्या, सपाट पृष्ठावर बारीक, सरळ, एकमेकींना समांतर रेघा दिसल्या तर तो प्लॅजिओक्लेज समजा. दहापट भिंग घ्या आणि दगड उजेडात सावकाश फिरवत राहा. पृष्ठ आरशासारखं चमकतं त्या क्षणीच या रेघा उमटतात, जरा कोन बदलला की गायब. कारण असं की प्लॅजिओक्लेजचा स्फटिक पातळ पापुद्र्यांसारख्या अनेक जुळ्या स्फटिकांनी बनलेला असतो आणि त्यांच्या कडा रेघा म्हणून दिसतात. ऑर्थोक्लेजमध्ये असं जुळेपण नसतं. त्यात कधीकधी अल्बाइटच्या (सोडियमयुक्त प्लॅजिओक्लेजच्या) शिरा असतात, पण त्या वेड्यावाकड्या आणि वेगळ्या छटेच्या. नवशिके हमखास इथेच फसतात.

रंगावर जाऊ नका. गुलाबी म्हणजे ऑर्थोक्लेज आणि पांढरा म्हणजे प्लॅजिओक्लेज हा नियम बऱ्याचदा चालतो, पण दगा देतो. कठिनता दोघांचीही मोह्स मापावर 6 च्या आसपास, त्यामुळे ओरखडा काढून काही कळत नाही. पाटनांमधला कोन ऑर्थोक्लेजमध्ये 90 अंश आणि प्लॅजिओक्लेजमध्ये सुमारे 86 असतो. पुस्तकात ठीक, डोळ्यांना हा फरक कळणं कठीण.

मात्र रेघा दिसल्या नाहीत म्हणून प्लॅजिओक्लेज नाही, असं म्हणता येत नाही. कण बारीक असेल, झिजलेला असेल किंवा भलतंच पृष्ठ समोर असेल तर त्या दिसतच नाहीत. आणि अल्बाइट ते अनॉर्थाइट या प्लॅजिओक्लेजच्या उपप्रकारांच्या मालिकेतला नेमका कोणता, हे भिंगाने ठरत नाही. त्यासाठी दगडाचा पातळ छेद करून ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली (ध्रुवित प्रकाश वापरणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) बघतात.